उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी का तापते, आणि जिन्याखाली चार्जिंग का लावू नये

मोहल्ल्यात इलेक्ट्रिक स्कूटरचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. जुम्याला मशिदीबाहेर लागलेल्या गाड्यांत हिरव्या नंबरप्लेटच्या दोन-चार तरी दिसतातच. ज्यांचं घर रिक्षावर चालतं ते पेट्रोल-सीएनजीचा हिशोब करून बॅटरीच्या रिक्षाकडे वळू लागले आहेत. काही घरांत चारचाकीही आली आहे. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे पालकसभा संपली की लोक थांबून विचारतात. "सर, ही गाडी उन्हात पेट घेते का?" "एसी लावला की किलोमीटर का कमी होतात?" "रात्रभर चार्जिंगला लावून झोपलं तर चालेल ना?" वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उष्णता. ती कुठून येते, कुठे जाते आणि तिला वाट मिळाली नाही तर काय होतं, हे एकदा नीट समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बॅटरीचा स्वभाव माणसासारखाच आहे. साधारण 15 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात लिथियम-आयन बॅटरी खूश असते. आत एका बाजूला ग्रॅफाइट आणि दुसऱ्या बाजूला धातूंचं संयुग असतं. मध्ये पातळ पडदा आणि द्रव असतो. त्या द्रवातून लिथियमचे आयन इकडून तिकडे ये-जा करतात. थंडी पडली की हा द्रव जड होतो, आयनांची चाल मंदावते, गाडी कमी पळते. शून्याच्या खाली असताना जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं. आपल्याकडे ही वेळ येत नाही. आपला त्रास उलटा आहे. उष्णता वाढली की बॅटरी त्या क्षणी जोमात चालते, पण आत नको असलेल्या रासायनिक क्रियाही वेग घेतात. दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे 45 अंशांवर रोज राहणारी बॅटरी 25 अंशांवर राहणाऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी लवकर म्हातारी होते. ती एका दिवसात बिघडत नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की लक्षात येतं की पूर्वी 100 किलोमीटर जाणारी गाडी आता 75 वरच दम टाकते.

हे पुस्तकी बोलणं नाही. निसान कंपनीने डिसेंबर 2010 मध्ये लीफ नावाची इलेक्ट्रिक मोटार अमेरिका आणि जपानच्या बाजारात आणली. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती, आत हवा फिरवणारी वेगळी यंत्रणाही नव्हती. बॅटरीचा डबा बंद होता, उष्णता आपोआप बाहेर जाईल एवढाच भरवसा होता. जपानच्या हवेत ते खपून गेलं. पण अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फीनिक्स नावाचं वाळवंटी शहर आहे, तिथे उन्हाळ्यात पारा 43-45 अंशांपर्यंत जातो आणि रात्रीही फारसा उतरत नाही. 2012 मध्ये तिथल्या मालकांनी तक्रारी सुरू केल्या. डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या 12 पट्ट्या होत्या आणि त्या एकेक करून गायब होत होत्या. शेवटी कंपनीने 5 वर्षं किंवा 60 हजार मैलांपर्यंत क्षमतेची हमी दिली आणि 2015 च्या मॉडेलपासून उष्णता जास्त सोसणारी नवी बॅटरी बसवली. त्याच काळात शेवरोले व्होल्टसारख्या गाड्यांनी सुरुवातीपासूनच बॅटरीत थंड द्रव फिरवला होता.

आता मे महिन्यातलं जळगाव, अकोला, चंद्रपूर डोळ्यांसमोर आणा. फीनिक्सपासून आपण लांब नाही. कोकणातल्या कित्येक घरांतली माणसं कुवेत-दुबईत आहेत, त्यांना तर हे सांगायलाच नको. कुवेतमध्ये मित्रिबा इथे जुलै 2016 मध्ये 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं आहे. म्हणून गाडी घेताना दुकानदाराला रंग आणि स्क्रीन विचारण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की बॅटरी थंड कशी होते?

उष्णता नुसती उन्हातून येत नाही

दहावीच्या विज्ञानात ज्यूलचा नियम असतो. तारेतून वीज गेली की तार तापते, आणि ती उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट, दहापट झाली तर शंभरपट. मुलं हे गणित मार्कांसाठी सोडवतात आणि विसरतात. बॅटरीतही नेमकं हेच चालतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. समजा मोटारीची बॅटरी 350 व्होल्टची आहे आणि तिचा आतला रोध 0.1 ओहम आहे. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर चार्जिंग लावलं की बॅटरीत साधारण 10 अँपिअर धारा जाते. 10 चा वर्ग 100, गुणिले 0.1, म्हणजे उष्णता 10 वॅट. घरातल्या एका एलईडी बल्बइतकी. आता तीच गाडी हायवेवर फास्ट चार्जरला लावली आणि 120 अँपिअर धारा गेली. 120 चा वर्ग 14,400, गुणिले 0.1, म्हणजे 1,440 वॅट. एक छोटा गीझर बॅटरीच्या पोटात सतत चालू आहे असं समजा. धारा बारापट झाली, पण उष्णता 144 पट झाली. वरून ऊन, खाली तापलेलं डांबर, आणि मघाशीच 100 किलोमीटर पळून आलेली गाडी. अशा वेळी कधीकधी चार्जर 50 किलोवॅटचा असूनही गाडी 25-30 च घेते. लोक चार्जरवाल्याशी भांडतात. खरं तर गाडीतल्या कंप्युटरने बॅटरीचा ताप पाहून स्वतःच वेग कमी केलेला असतो. घाई आपल्याला असते, बॅटरीला नसते.

फास्ट चार्जिंग वाईट आहे असा याचा अर्थ नाही. लांबच्या प्रवासात ते लागणारच. पण रोजची सवय घरच्या सावकाश चार्जिंगची असावी.

गाडीचं पाणी, गाडीचा एसी

चांगल्या चारचाकीत बॅटरीच्या सेलखाली किंवा सेलच्या मधून ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या असतात. त्यांतून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण पंप फिरवतो. ते सेलची उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरकडे जातं. हवा 25 अंशांची असेल तर तेवढ्याने भागतं. पण बाहेर 44 अंश असताना रेडिएटर पाणी 44 च्या खाली आणूच शकत नाही. गरम हवेने गार पाणी कसं होणार? म्हणून तिथे एसीची मदत घ्यावी लागते. एसीच्या गॅसची एक शाखा चिलर नावाच्या छोट्या डब्यातून जाते, त्याच डब्यातून बॅटरीचं पाणीही जातं, आणि गार गॅस त्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिच्या बॅटरीला अशी द्रवाची व्यवस्था आहे.

इथे एक गंमत लक्षात येते. गाडीत कॉम्प्रेसर एकच असतो आणि त्याला दोन घरं सांभाळायची असतात, एक माणसांची केबिन आणि दुसरं बॅटरीचं घर. ऐन दुपारी फास्ट चार्जरवर गाडी लावून आत अब्बा-अम्मी, बायको-मुलं एसी फुल्ल करून बसली की कॉम्प्रेसरची ओढाताण होते. काही गाड्या अशा वेळी बॅटरीला आधी गार करतात आणि केबिनची हवा थोडी कोमट येऊ लागते. हा बिघाड नसतो. गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही बॉनेटमधून पंख्याचा घूंऽऽ आवाज येत राहतो, त्यालाही घाबरू नये. आत बॅटरीचा ताप उतरवणं चालू असतं.

घाबरायचं असेल तर वेगळ्या गोष्टीला घाबरावं. कूलंट कमी झालं की आपल्याकडे सवयीने कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नळाचं पाणी ओततात. जुन्या डिझेल गाडीने ते सोसलं असेल. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या नळ्या बारीक असतात. पाण्यातला क्षार त्यात बसतो, धातू गंजतो, आणि क्षाराचं पाणी वीज जास्त वाहून नेतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट घालावं. कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती आहे असं समजून कंपनीच्या वर्कशॉपलाच गाडी दाखवावी.

एसीचा हिशोब किलोमीटरवर नाही, घड्याळावर

पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बरीचशी ताकद उष्णता होऊनच वाया जाते. म्हणून थंड मुलखात त्या गाड्यांना हीटर फुकट मिळतो. इलेक्ट्रिक मोटर फारच कमी उष्णता सांडते. नॉर्वे, इंग्लंडमध्ये थंडीत गाड्यांची धाव घटते त्याचं एक मोठं कारण हेच, की केबिन गरम करायलाही बॅटरीतलीच वीज जाते. त्यावर उपाय म्हणून हीट पंप आले. म्हणजे एसीच, उलटा चालवलेला. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता तो आत ओढून आणतो, आणि साध्या हीटरपेक्षा निम्म्या किंवा त्याहूनही कमी विजेत काम करतो. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी गाडीत हीट पंप आहे का हे जरूर पाहावं. महाराष्ट्रात त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज आम्हाला दिसत नाही.

आपला खर्च गारव्याचा. उन्हात उभ्या मोटारीची केबिन 60 अंशांच्या घरात जाऊ शकते. काचेतून ऊन आत येतं, सीट-डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता काचेतून परत बाहेर पडत नाही. तापलेली केबिन गार करताना सुरुवातीला एसी बरीच वीज घेतो, नंतर तो साधारण दीड किलोवॅटच्या आसपास स्थिरावतो असं धरू. आता हिशोब बघा. भिवंडी-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये एका तासात 20 किलोमीटर सरकलात. गाडी चालवायला समजा 2.4 युनिट लागले आणि एसीला 1.5 युनिट. म्हणजे एसीने मोठा वाटा खाल्ला. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर तासाला 80 किलोमीटर गेली तर चालवायला 11 युनिटच्या आसपास लागतील, एसीला तेच दीड. एसी किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. "हायवेला एसी परवडतो, गावात नाही" असं ड्रायव्हर लोक म्हणतात ते बरोबर आहे.

त्यावर साधे उपाय आहेत. सावलीत गाडी लावा. निघताना आधी सगळे दरवाजे मिनिटभर उघडे ठेवा, भट्टीची हवा फुकटात बाहेर जाऊ द्या. ज्या गाड्यांत मोबाइलवरून एसी चालू करता येतो, त्यांत निघण्याआधी दहा मिनिटं, चार्जिंगची वायर लावलेली असतानाच एसी चालू करा. तेव्हा गारव्याची वीज घराच्या मीटरमधून जाते, बॅटरीतून नाही. एसी 18 वर लावून खिडकी किंचित उघडी ठेवायची सवय काहींना असते, तो सरळ सरळ इसराफ आहे. 25-26 पुरे होतं.

आणि एक गोष्ट, कोणत्याही गाडीबद्दल. लग्नाच्या हॉलबाहेर किंवा दवाखान्यासमोर झोपलेलं मूल "दोन मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ठेवलं जातं. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान 10 अंशांच्या आसपास चढतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन बंद असतानाही एसी चालतो, म्हणून लोक जास्त निर्धास्त होतात. तो एसी मधेच बंद पडू शकतो. मुलाला उचलून सोबत न्या, झोप मोडली तरी चालेल.

स्कूटर-रिक्षात पंप नसतो, तिथे मालकच पंप

आपल्या घरांत मोटारीपेक्षा स्कूटर आणि रिक्षा जास्त. त्यांत बहुतेक ठिकाणी पाणी नाही, पंप नाही, चिलर नाही. बॅटरीचा ॲल्युमिनियमचा डबा हवेला लागून जेवढा गार होईल तेवढाच. म्हणून तिथे सगळं आपल्या सवयीवर आहे. दुपारी दोनच्या उन्हात डबल सीट किंवा पाच पॅसेंजर घेऊन चढ चढून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहू द्या. रिक्षावाल्या भावांनी जोहरच्या नमाजीला आणि जेवणाला थांबताना आधी गाडी सावलीत लावावी, चार्जर निघायच्या थोडं आधी लावावा. काढता येणारी बॅटरी असेल तर ती गादीवर, सोफ्यावर, कपाटात ठेवून चार्ज करू नये. फरशीवर, मोकळ्या जागी ठेवावी. उष्णतेला बाहेर पडायला हवा लागते, गोधडी नको. रोज 100 टक्के भरून तशीच उन्हात उभी ठेवणं हेही बॅटरीला जड जातं. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर रोजच्या कामाला 80-90 टक्के पुरे. जुन्या ई-रिक्षांत शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात, तेव्हा बंद खोलीत त्या लावूच नयेत.

आता आगीचा प्रश्न

पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हे आधी मान्य करू. पण बॅटरीची आग वेगळी असते. सेल आतून बिघडला, दबला, किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाला आणि तापमान 100 अंशांच्या आसपास पोचलं, की आतल्या क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. 130 च्या आसपास मधला प्लॅस्टिकचा पडदा वितळतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. मग बाहेरून काहीही न देता सेल स्वतःला तापवत जातो, शेजारच्या सेलला पेटवतो, तो पुढच्याला. एनएमसी प्रकारच्या सेलमधून त्यात प्राणवायूही बाहेर पडतो. एलएफपी प्रकारच्या बॅटऱ्या या बाबतीत जास्त शांत असतात. आमच्या मते घरगुती वापरासाठी दोन-चार किलोमीटर कमी मिळाले तरी एलएफपी घ्यावी.

मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्याच महिन्यात तामिळनाडूत वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि धुराने गुदमरून बाप-लेकीचा जीव गेला. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादला तळमजल्यावर इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम होतं आणि वर हॉटेल. खाली आग लागली, धूर वर चढला आणि 8 जण गेले. यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकी-तिचाकीसाठी एआयएस-156 हे मानक सुधारून 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एका सेलची आग पसरायला लागली तर इशारा मिळावा, अशी अट त्यात आहे. म्हणून एप्रिल 2023 च्या आधी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर दोनदा विचार करा.

वेल्लोर आणि सिकंदराबाद, दोन्हीकडे माणसं धुराने गेली. आपल्या जुन्या वस्त्यांतल्या इमारती आठवा. अरुंद जिना, जिन्याखाली मीटर आणि तिथेच रात्रभर चार्जिंगला लावलेल्या तीन-चार स्कूटर. वर चार मजले, प्रत्येक घरात सहा-सात माणसं, आणि बाहेर पडायला तोच एक जिना. तिथे आग लागली तर वरच्यांनी जायचं कुठून? झोपण्याआधी घरातली आग विझवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. आजच्या घरात चूल नाही, पण जिन्याखाली चालू असलेला चार्जर आहे. तवक्कुल करायचं, पण उंटाचा दोर बांधून.

सोसायटीने आणि मशीद कमिटीने यात लक्ष घालावं अशी आमची विनंती आहे. अंगणात, गच्चीखेरीज कुठेही मोकळ्या जागेत पत्र्याच्या छपराखाली चार्जिंगची एक जागा करावी, वेगळी वायर, एमसीबी आणि अर्थिंग घालून. गच्चीवर नको, कारण तिथे पेटलेली गाडी विझवणं अवघड जातं. ज्यांना रात्रीच चार्ज करावं लागतं त्यांनी मगरिब ते इशा, किंवा सहरीनंतर, जागे असताना लावावं. एक्स्टेंशन बोर्डावर मोटार किंवा स्कूटर लावू नये. गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा, बाजारातला स्वस्त चार्जर वेळेवर बंद होत नाही तेव्हाच बॅटरी मर्यादेपलीकडे भरते.

बॅटरी फुगलेली दिसली, उभ्या गाडीत गरम लागली, फुसफुस आवाज आला किंवा औषधासारखा गोडसर वास आला, तर चार्जिंग बंद करून माणसं लांब करा. धूर सुरू झाला तर सामान काढायला आत जाऊ नका, तो धूर विषारी असतो. आधी सगळे बाहेर, मग 101 किंवा 112 ला फोन. फोनवर "इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी" असं स्पष्ट सांगा. पावडरचा छोटा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेल गार करत नाही. गार करायला भरपूर पाणी लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं आहे. विझलेली बॅटरी काही तासांनी परत पेटू शकते, म्हणून ती ओढून परत घरात किंवा पार्किंगमध्ये आणू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढंच. किलोमीटरचा आकडा बघून भुलू नका, कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीची शिल्लक क्षमता टक्क्यांत काढून मागा. विदर्भ-खानदेशात उन्हात उभी राहिलेली दोन वर्षांची गाडी कधीकधी नाशिकच्या चार वर्षांच्या गाडीपेक्षा थकलेली निघते. विकणारा तो कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर सौदा तिथेच थांबवा.